यादीतली बारावी ओळ

कोचने माझ्या मुलीला फसवलं. ती बारा वर्षांची असताना आमच्या हर्नडन गावच्या बेसबॉल लीगच्या उन्हाळी संघात तिची निवड झाली होती. त्याने तिचं नाव खोडलं आणि त्या जागी स्वतःच्या मुलाचं नाव लिहिलं. हे झालं तेव्हा मी त्याच्यासमोर उभा होतो. त्याने हात पुढे केला, मी तो हातात घेतला आणि थँक यू म्हणालो.

चौदा वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आता सांगावं लागतंय, कारण मैदानावर एक बोर्ड लागणार आहे. हॉट डॉग विकायच्या खिडकीशेजारच्या भिंतीवर, आमच्या या छोट्या लीगमध्ये खेळून पुढे मोठ्या खेळात गेलेल्यांचे फोटो आणि नावं. एक पोहणारी मुलगी आहे, एक फुटबॉलवाला आहे. कोचचा मुलगा आहे, तो काही वर्षं पैसे घेऊन बेसबॉल खेळला. आणि माझी मुलगी आहे. ती देशासाठी भाला फेकते.

हे लिहिताना मला बसवत नाही. आत्तापर्यंत तीनदा उठलोय. एकदा गॅरेजचं दार उघडलं आणि कशासाठी उघडलं ते न आठवून पुन्हा बंद केलं. बायको म्हणाली, "अहो, एक तर लिहा नाही तर फेऱ्या मारा." दोन्ही चालू आहे.

आधी माझ्याबद्दल, नाही तर पुढचं कळायचं नाही. मी नागपूरचा. वडील संत्र्याच्या बाजारात हमाल होते. मी लहान असताना तिथे काही जुने व्यापारी अजून रुमालाखाली हात घालून भाव ठरवायचे. दोघांचे हात रुमालाखाली, तोंडं निर्विकार, आणि आत बोटं दाबून सौदा. बाहेरच्याला काही दिसायचं नाही. मी त्यांचे चेहरे बघत उभा राहायचो आणि कोण हरतोय ते ओळखायचो. जो आधी मान हलवतो तो हरतो. तेवढ्या एका गोष्टीवर मी शिक्षण काढलं, नोकरी मिळवली, अमेरिकेत आलो. इथे लोक गादीच्या दुकानात किंमत विचारून गुपचूप कार्ड काढतात. मी काढत नाही. दातांच्या डॉक्टरशीसुद्धा मी घासाघीस केलेली आहे, तोंडात कापूस असताना. बायको पुण्याची. मी सुरू झालो की ती दुसऱ्या रांगेत जाऊन उशांचे अभ्रे बघते. मला राग लवकर येतो हेही खरं आहे, पण सौद्यात राग कामाला येतो. समोरच्याला वाटतं हा माणूस आता उठून जाईल.

मुलगी आठ वर्षांची असताना नाव नोंदवायला गेलो. शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये दोन टेबलं मांडली होती. पहिल्या टेबलावरची बाई म्हणाली, "मुलींचं सॉफ्टबॉल ते पलीकडचं टेबल."

"आम्हाला बेसबॉल हवंय," मी म्हणालो.

"मुली सहसा तिकडे जातात."

सॉफ्टबॉलमध्ये पिचर हात खालून फिरवून बॉल टाकतो. माझी मुलगी वरून टाकायची. अपार्टमेंटच्या मागच्या भिंतीवर तिने खडूने एक चौकोन काढला होता आणि रोज संध्याकाळी जुना टेनिस बॉल त्यात मारायची, शेजारी तक्रार करेपर्यंत. मी बाईला म्हटलं, "मुलीने बेसबॉल खेळायचं नाही असं नियमात लिहिलंय का? असेल तर दाखवा." तिने पुस्तक उघडलं. मी उभा. मागे रांग वाढत होती. मुलगी माझा शर्ट ओढत होती. "बाबा, एव्हरीबडी इज लुकिंग." बघू देत की. शेवटी बाईने पुस्तक मिटलं आणि बेसबॉलचा फॉर्म पुढे सरकवला.

जिंकलो होतो. डोकं अजून गरम होतं. त्याच गुर्मीत मी फॉर्म भरला आणि नागपूरच्या शाळेत भरायचो तसा भरला. पहिल्या चौकटीत आडनाव, दुसऱ्या चौकटीत मुलीचं नाव, तिसऱ्या चौकटीत बापाचं. इथल्या फॉर्ममध्ये शेवटची चौकट आडनावाची असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. नोकरीचे, व्हिसाचे डझनभर फॉर्म भरले होते. पण हात सवयीने चालला. त्यामुळे लीगच्या दप्तरी आमचं आडनाव हे मुलीचं नाव झालं आणि माझं नाव तिचं आडनाव.

महिन्याभराने जर्सी आली. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, मोठ्या अक्षरांत माझं नाव.

बायको म्हणाली, "हे बदलून घ्या हं."

"घेऊ," मी म्हणालो.

घेतलं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्याही नाही. फॉर्म दर वर्षी मागच्यावरून पुढे चालू व्हायचा, मी फक्त सही करायचो. दर शनिवारी मैदानावर पन्नास-साठ लोक घडीच्या खुर्च्यांवर बसून माझं नाव ओरडायचे. तिने बॉल चांगला टाकला की माझं नाव. संत्र्याच्या पेट्या पाठीवर वाहणाऱ्या माणसाच्या मुलाचं नाव, अमेरिकेत, टाळ्यांसकट. मला ते आवडायचं. हे मी आधी कुठे कबूल केलेलं नाही, म्हणून इथे करतो.

कोचबद्दल खोटं बोलणार नाही. बॉल धरायला त्यानेच तिला शिकवलं. दोन बोटं शिवणीवर, अंगठा खाली, मनगट सरळ. मुलगी म्हणून त्याने तिला कधी बाजूला बसवलं नाही, निदान बाराव्या वर्षापर्यंत. आम्ही पालक आळीपाळीने खाऊ आणायचो, मी नेहमी संत्र्याच्या फोडी न्यायचो. कॅलिफोर्नियाची संत्री, दिसायला छान, चवीला पाणी. तो माझ्याशेजारी उभा राहून फोडी खायचा आणि मी त्याला सगळं सांगायचो. ग्रीन कार्डची फाइल कशी अडकली आहे, वकील कसा फोन उचलत नाही. ते मीच त्याला सांगितलं. विचारलं नव्हतं त्याने.

बारा वर्षांच्या मुलांच्या लीगमधून उन्हाळ्यासाठी एक संघ निवडतात, बाहेरगावच्या संघांशी खेळायला. बारा जण. तिथे जायचं म्हणून ती दोन वर्षं मनगट बांधून सराव करत होती. शेवटच्या मॅचला तिने ओळीने तिघांना बाद केलं. मॅच संपल्यावर कोचने मला पार्किंगमध्ये बोलावलं. हातात पॅडवर लावलेली यादी होती. बारावी ओळ आमची होती, मी उलट्या बाजूनेही वाचली.

"निवड झाली आहे," तो म्हणाला. "पण अडचण आहे. या संघाचे कागद बाहेरचे लोक तपासतात. जन्माच्या दाखल्यावरचं नाव आणि आपल्या फॉर्मवरचं नाव जुळत नाही."

"मी बदलून देतो. उद्याच."

त्याने आवाज खाली आणला. "फॉर्मवर तुमची सही आहे. चार वर्षं. कोणी म्हणालं की चुकीची माहिती सही करून दिली, आणि ते कुठे पुढे गेलं तर? तुमचं ते कार्डचं चाललंय ना? तुमच्या जागी मी असतो तर गप्प बसलो असतो."

रुमालाखाली बोट दाबलं गेलं ते मला तेव्हा कळलंच नाही.

ज्यांनी व्हिसावर वर्षं काढली नाहीत त्यांना हे वेडेपणाचं वाटेल. मुलांच्या खेळाचा फॉर्म कुठे आणि ग्रीन कार्ड कुठे! पण आम्ही सगळे तेव्हा तसेच होतो. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असं कुठे निघालं की रात्र जायची. माझ्याच ऑफिसातल्या एका मुंबईच्या माणसाची फाइल वडिलांचं नाव दोन दाखल्यांवर दोन तऱ्हेने होतं म्हणून वर्षभर पडून राहिली होती. मी दातांच्या डॉक्टरचा पहिला भाव कधी घेतला नाही. पार्किंगमध्ये मी पहिलाच भाव घेतला. मान हलवली. त्याने खिशातून पेन काढून माझ्यासमोर बारावी ओळ खोडली आणि वर दुसरं नाव लिहिलं. ते त्याच्या मुलाचं होतं. मला वाटलं, असेल, कोणाचं तरी लिहायलाच हवं. "पुढच्या वर्षी नीट करू," तो म्हणाला. मग तो हात, आणि माझं थँक यू.

गाडीत मुलगी मागच्या सीटवर होती. ग्लव्ह मांडीवर, बॉल ग्लव्हमध्ये.

"लिस्ट लागली?"

"लागली."

"मी आहे?"

"नाही."

"व्हाय?"

मी आरशात बघितलं नाही. खरं सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, मग तू भांडला का नाहीस? टेबलावरच्या बाईशी भांडून फॉर्म मिळवणारा बाप तिने बघितला होता. तो बाप तिच्यासमोर लहान झालेला मला नको होता. म्हणून म्हणालो, "तुझं मनगट वळत होतं ना जरा. बॉल बाहेर जात होते."

घरी येऊन ती मागच्या भिंतीशी गेली आणि अंधार पडेपर्यंत बॉल मारत राहिली. पुढच्या वसंतात फॉर्म आला तेव्हा म्हणाली, "नको." ग्लव्ह खोक्यात गेला.

शाळेत ती गोळा फेकायला लागली, मग थाळी. स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकायला गेली आणि तिथे कोणीतरी तिच्या हातात भाला दिला. तिथल्या स्पर्धांना मी इथून साडेतीन तास ड्राइव्ह करून जायचो, थंडीत, डब्यात पराठे घेऊन. आता ती अमेरिकेच्या संघात आहे. टीव्हीवर बघतो. पाठीवर आमचं आडनाव असतं, जागच्या जागी. धावायला सुरुवात करण्याआधी ती एकदा उजव्या मनगटाकडे बघते. समालोचकही त्याबद्दल बोलतात. मला वाटायचं घड्याळ बघायची सवय असेल, आईसारखी.

यंदा मार्चमध्ये लीगच्या सेक्रेटरीचा फोन आला. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली बाई, आवाज शांत. मुलीने एका मुलाखतीत सांगितलं होतं की फेकायला ती हर्नडनच्या मैदानावर शिकली. बोर्डासाठी बाई दप्तर शोधत होती आणि माझी मुलगी कुठेच सापडत नव्हती. "तुमच्या नक्की लक्षात आहे ना, ती आमच्याकडेच खेळायची?" तिने विचारलं. मी फोनवरच तापलो. शनिवारी मैदानामागच्या शेडमध्ये गेलो. खोकी, चुन्याच्या गोण्या, फुटलेली हेल्मेट. बाईने त्या उन्हाळ्याचं खोकं काढलं.

"इथे एक नाव आहे," ती म्हणाली आणि अडखळत माझं नाव वाचलं.

"तो मी."

"तुम्ही खेळायचात?" ती हसली.

मग तिला यादीतली खोडलेली ओळ दिसली. मी सांगितलं, चौकटी चुकल्या होत्या, नाव जुळत नव्हतं, म्हणून काढावं लागलं. बाईने चष्मा वर केला.

"एवढ्यासाठी? त्याला एक कागद असतो. पालकांची सही आणि दाखल्याची प्रत. पाच मिनिटांचं काम आहे."

"तेव्हा नसेल."

तिने त्याच खोक्यात हात घातला आणि दोन कागद बाहेर काढले. त्याच उन्हाळ्याचे. एक कोरियन मुलगा, त्याचंही आडनाव पुढे लागलं होतं. आणि एक मुलगा, त्याचं आडनाव आईचं लागलं होतं. दोघांची नावं दुरुस्त केलेली. दोन्हीवर खाली सही कोचची.

पायाजवळ बॉलांनी भरलेली बादली होती, ती मी लाथेने उडवली. बॉल शेडभर गेले. बाई खाली बसून ते गोळा करायला लागली. थोड्या वेळाने मीही गुडघ्यांवर बसलो. ती म्हणाली, "तो आता कमिटीवर आहे. बोर्डाचं अनावरण तोच करणार आहे, भाषणासकट."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मुलगी घरी आली होती. बायको थालीपीठ थापत होती. मी उभ्यानेच सांगितलं.

"तुझी निवड झाली होती. बाराव्या वर्षी, त्या उन्हाळी संघात."

"पण तू म्हणालास माझं मनगट वळत होतं."

"नव्हतं वळत."

बायकोचा हात थांबला. "म्हणजे पोरीला खोटं सांगितलंत?"

"व्हिसाचं टेन्शन होतं तेव्हा. तो म्हणाला..."

"टेन्शन होतं तर मला सांगायचं. मी काय गावभर दवंडी पिटणार होते? आणि जर्सी बदलून घ्या म्हणून किती वेळा म्हटलं मी?"

मुलगी टेबलाकडे बघत होती. मग तिने उजवा हात उलटा करून पुढे धरला. "बाबा, दर थ्रोच्या आधी मी हे बघते. एव्हरी सिंगल थ्रो. वळलं तर नाही ना म्हणून. माझे कोच विचारतात ही सवय कुठून आली. आय नेव्हर न्यू."

तव्यावरचं थालीपीठ करपलं, ते कोणी काढलं नाही.

मग तीच म्हणाली, "बोर्ड हवाय मला. आय अर्न्ड इट. पण नाव लावून गप्प नाही करायचं. त्याने सांगायला हवं काय झालं ते. आणि तू पण."

"मी सांगितलं की आत्ता."

"लिहून दे. सगळं. मराठीत लिही, इंग्लिशमध्ये तू फार पोलाइट होतोस."

बायको तोंडावर पदर नसताना पदर धरल्यासारखी हसली आणि मग रडली.

गुरुवारी संध्याकाळी मी मैदानावर गेलो. कोच चुन्याचं यंत्र ढकलत पट्टे मारत होता. केस पांढरे झालेत. मी ते दोन कागद आणि यादी यांच्या, सेक्रेटरीबाईकडून घेतलेल्या प्रती त्याच्यासमोर धरल्या. त्याने बघितल्या, यंत्र थांबवलं नाही.

"किती जुनी गोष्ट," तो म्हणाला. "आणि बघा, चांगलंच झालं की. ती संघात गेली असती तर पंधराव्या वर्षी कंटाळून सोडलं असतं. भाला हातात आलाच नसता. खरं तर तुम्ही माझे आभार मानायला हवेत."

"मानले होते," मी म्हणालो. "त्याच दिवशी."

तेव्हा तो थांबला. मग त्याने भाव सुरू केला. तिचा फोटो मधोमध लावू, त्याच्या मुलाच्या शेजारी. सगळ्यांपेक्षा मोठा. नाव पहिलं वाचू. आणि जुनं सगळं खोक्यात राहू दे. त्याने हात पुढे केला, चुन्याने पांढरा झालेला.

आयुष्यभराची सवय अशी की अशा वेळी मी आणखी दोन गोष्टी मागतो. डोक्यात आल्यासुद्धा. मी दोन्ही हात खिशात घातले आणि गाडीकडे आलो.

त्याच्या मुलावर माझा राग नाही. त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो चांगला खेळला, बोर्डवर त्याची जागा त्याची आहे. उन्हाळी संघातली ती एक जागा मात्र त्याची नव्हती. आणि भाला हातात आला म्हणून ती जागा हिरावून घेणं चांगलं ठरत नाही. भाला तिचा तिने उचलला, कोचने दिलेला नाही. मी तर नाहीच नाही.

माझा वाटा मी वर लिहिला. फॉर्म मी चुकवला, आवडलं म्हणून तसाच ठेवला, घाबरलो, मान हलवली, आणि लहान दिसू नये म्हणून बारा वर्षांच्या पोरीच्या मनगटावर खोटं टाकलं. हे पान तिला दिलंय. ती मराठी हळू वाचते, वाचताना बोट ओळीवर ठेवते. वाचून काय म्हणेल ते तिचं ती ठरवेल. मी त्यावर घासाघीस करणार नाही.

कोच, तुमचं उत्तर बाकी आहे. तुम्हाला हे वाचता येणार नाही, म्हणून शनिवारी सीझन सुरू होण्याआधी, बोर्डावरचं कापड निघण्याआधी, मी हेच इंग्रजीत विचारणार आहे आणि पोलाइट होणार नाही. मुलगी माझ्या शेजारी उभी असेल. माइक तुमच्या हातात असेल. बारावी ओळ कोणाची होती? ती कोणी खोडली, आणि कोणासाठी? दोन मुलांचे कागद पाच मिनिटांत दुरुस्त करणाऱ्या हाताला तिसरा कागद का सापडला नाही? सगळ्यांसमोर सांगा. तिच्याकडे बघून सांगा.